गच्चीची वाकळ

"ह्यो न्हाय," राजमती पुटपुटली आणि तिने हातातला तुकडा बाजूला टाकला. "ह्यो विटकरी झाला."

खालच्या गल्लीतल्या रूपालीच्या शिलाई दुकानातून आणलेली कातरणं तिने फरशीवर पसरली होती. त्यांत ती अबोलीचा रंग शोधत होती. शेजारी मोबाईल उघडा होता. काल दुपारी गच्चीवर काढलेला अबोलीच्या तुऱ्याचा फोटो त्यात होता. थोड्या वेळाने पडदा काळा व्हायचा, मग ती बोटाने त्याला जागं करायची आणि नवा तुकडा त्याच्याजवळ धरायची. केशरी थोडा जवळ यायचा, गुलाबी थोडा जवळ यायचा. अबोली कशातच सापडत नव्हती.

कॉटच्या दांडीवर स्टीलचा पेला वाजला. टण, टण.

"काय?" तिने मान वर न करता विचारलं.

"काय बघालीस मघापासनं?"

"रंग बघते."

"कसला?"

तिने उठून मोबाईल नवऱ्याच्या तोंडासमोर धरला. आप्पाण्णांनी मान भिंतीकडे वळवली.

"उजेड लागतोय डोळ्याला," ते म्हणाले. "बस इथंच. कुठं जाऊ नको."

"इथंच बसलेय की," राजमती म्हणाली आणि पुन्हा कातरणांत हात घातला.

आप्पाण्णा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दलाल होते. सकाळी मोटारसायकलवर टांग टाकली की दिवस मावळायच्या आधी जेवणापुरता घरी येणारा माणूस. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी रविवारी दुपारी घरात बसलेला नवरा राजमतीने पाहिला नव्हता. मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला, आणि उजवं अंग जे गेलं ते परत आलंच नाही. बोलणं हळूहळू सुधारलं. उठणं-बसणं मात्र राजमतीच्या खांद्यावर राहिलं.

तेही निभलं असतं. पण पहिल्याच वर्षी, पर्युषणात, ती सकाळी बस्तीला, जैन मंदिरात, गेली होती. देवदर्शन झालं, प्रवचन चाललं होतं, कितीतरी महिन्यांनी चार ओळखीच्या बायका भेटल्या होत्या. ती थोडी जास्त बसली. घरी आली तर आप्पाण्णा कॉट आणि भिंत यांच्या सापटीत पडलेले. एकट्याने उठायचा प्रयत्न केला होता. कपडे ओले झाले होते, गाल फरशीला लागला होता. तिला बघून ते लहान पोरासारखे रडले. वखारीत शंभर माणसांवर ओरडणाऱ्या नवऱ्याला तिने तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून पेला आला. डाव्या हाताशी तो कायम असायचा. राजमती स्वयंपाकघरात गेली की टण. न्हाणीघराचं दार लावलं की टण. बस्तीला ती आता दारातूनच हात जोडून परतायची. सदलग्याला माहेरी भावाच्या मुलीचं लग्न झालं, तेही तिने मोबाईलवरच पाहिलं.

दुपारी औषधाने आप्पाण्णांना झोप लागायची. तेवढा वेळ तिचा. तेवढ्यात ती जिना चढून गच्चीवर जायची. भांडी घासायला येणाऱ्या मालुबाईने एकदा आपल्या कुडावरच्या गोकर्णाचं रोप आणून दिलं होतं. तेलाच्या रिकाम्या डब्यात ते लावलं, आणि आठवड्यात ते दांडीला वेढे घालत पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलं. पहिलं निळं फूल उमललं त्या दिवशी राजमती त्याच्यासमोर उकिडवी बसून राहिली होती. मग डबे वाढत गेले. फुटक्या बादल्या, चिरलेला माठ, जुना सिंक. गुलबक्षी, तेरडा, कोरांटी, शेवंती. एका चातुर्मासात तिने फूल न तोडायचा नियम घेतला होता, तो पुढेही तसाच राहिला. त्यामुळे फूल खाली नेता येत नव्हतं आणि खाली तर दिवस काढायचा होता. म्हणून ती फोटो काढायला लागली. मुलीने दिलेला जुना मोबाईल. त्यात फूल धरायचं आणि खाली घेऊन जायचं.

आणि खाली, कॉटशेजारी बसून करता येण्यासारखं एकच काम होतं. शिवण. तिची आई वाकळा शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळं आणि त्यावर जवळजवळ घातलेले टाके. राजमतीने मोबाईलमधले रंग बघून ठिगळं लावायला सुरुवात केली. गच्चीवर ज्या कोपऱ्यात गोकर्ण, वाकळीतही त्याच कोपऱ्यात निळा. टाकीच्या जागी राखाडी. जिन्याच्या तोंडाशी तेरड्याचा गुलाबी. दिवसचे दिवस ती खाली बसून गच्चीवर फिरत होती, आणि आप्पाण्णांना ती समोर दिसत होती. दोघांचंही भागत होतं.

अबोलीचा रंग शेवटी तिला आपल्याच एका ब्लाउजच्या आतल्या शिवणीत सापडला. बाहेरून विटलेला, आत तसाच राहिलेला. तो लावला आणि वाकळ पुरी झाली.

दिवाळीनंतर त्रिशला आली. त्रिशला त्यांची एकुलती एक मुलगी, बेळगावात दिलेली, तिथेच शाळेत शिकवणारी. आईने ट्रंकेवर घडी करून ठेवलेली वाकळ तिने उचलली, अर्धी उलगडली आणि तशीच उभी राहिली.

"आई, ही कधी केलीस?"

"बसल्या बसल्या."

"ही तर आपली गच्ची हाय!"

राजमतीच्या तोंडावर पटकन हसू आलं. कुणी ओळखेल असं तिला वाटलंच नव्हतं. तिने लगेच मोबाईल काढून एकेक फूल आणि एकेक ठिगळ दाखवायला सुरुवात केली. इतकं सलग ती पुष्कळ दिवसांनी बोलत होती.

"आमच्या महिला मंडळाचं प्रदर्शन हाय पुढच्या महिन्यात, बेळगावात कॅम्पात," त्रिशला म्हणाली. "शनिवार-रविवार. ही वाकळ मी घेऊन जाते. फोटो मोठे करून शेजारी लावूया. आणि तू यायचं."

कॉटवरून आवाज आला. "वाकळ कशाला दाखवायची? वाकळ अंगावर घ्यायची असत्या."

"आप्पा, लोकांनी बघू दे की."

"बघू दे. न्हे वाकळ. मी न्हाय म्हटलंय व्हय?"

"आणि आई?"

आप्पाण्णांनी डाव्या हाताने चादर छातीपर्यंत ओढली. मग म्हणाले, "तिला जायचं असलं तर जाईल. मी काय बांधून घातलंय तिला?"

राजमतीने वाकळीची घडी घातली. बांधून घातलं असतं तर गाठ तरी दिसली असती, असं तिच्या मनात आलं.

शनिवारी सकाळी तिने त्यांना आंघोळ घातली, नाष्टा भरवला, धोतर बदललं. मालुबाईला दिवसभर थांबायला बोलावलं होतं. दुपारची पेज करून झाकून ठेवली, औषधं वेगवेगळ्या वाट्यांत काढली. मग तिने जांभळी इरकल नेसली. ती नेसून आरशासमोर उभी राहिली तेव्हा आप्पाण्णा तिच्याकडे बघत होते.

"येते," ती म्हणाली. "मालुबाई हाय."

"जा की."

निपाणी स्टँडवर बेळगावची गाडी लागलीच होती. तिने आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरने शून्याचं तिकीट फाडून दिलं. कर्नाटक सरकारने बायकांना बस फुकट केल्यापासून गल्लीतल्या सगळ्या बायका कुठं कुठं जाऊन आल्या होत्या. राजमतीचं हे पहिलंच तिकीट. ती खिडकीशी बसली. तवंदीचा घाट चढताना तिने स्तवनिधीच्या देवाला बसल्या जागेवरून हात जोडले. घाट संपला आणि दोन्ही बाजूंना ऊस आला, मध्येच झेंडूचं एक शेत आलं, नुसतं पिवळं. तिने मोबाईल काढेपर्यंत ते मागे गेलं. तरी ती हसली. पुढं अजून असेल.

संकेश्वर यायच्या आत मोबाईल वाजला. मालुबाई होती.

"आक्का, काय करू? अण्णा तोंडच उघडंनात. औषध पन घेईनात. डोळ्यातनं नुसतं पाणी यायलंय."

मालुबाईच्या आवाजामागे पेला वाजत होता. टण, टण, टण.

"त्यांना सांग, संध्याकाळी येते म्हणून."

"सांगितलं की वो. आयकंनात. बीपी-बिपी वाढलं तर मी एकटी काय करू?"

राजमतीच्या डोळ्यांपुढे ती फरशी आली, फरशीला लागलेला तो गाल आला. गाडी स्टँडवर थांबली तेव्हा ती उठली.

"इल्ले इळीतीरेन्रि, अम्मा?" कंडक्टरने आश्चर्याने विचारलं. बेळगावचं तिकीट काढलेली बाई इथेच कशी उतरते, त्याला कळेना.

"मनीगे होगबेकु," ती म्हणाली. घरी जायला पाहिजे.

गाडी तिच्यासमोरून बेळगावकडे निघून गेली. तिची खिडकीची जागा कुणीतरी घेतली होती. पलीकडे निपाणीची गाडी उभी होती. तिथेही आधार कार्ड, तिथेही शून्याचं तिकीट.

घरी पोचली तर मालुबाई दारातच उभी होती, मान खाली घालून.

"काय झालं? बरं हाईत न्हवं?"

"बरं हाईत. तुमचा फोन आला, माघारी निघालाय म्हटल्यावर लगीच तोंड उघडलं, आक्का. सगळी पेज खाल्ली. औषध बी घेतलं."

आत आप्पाण्णा उशीला टेकून बसले होते. ओठाच्या कोपऱ्यात पेजेचा थेंब होता. "आलीस?" ते म्हणाले. आवाजात केवढं तरी समाधान होतं.

राजमतीने तो थेंब पुसला नाही. ती त्यांच्यासमोरून गेली आणि जिना चढू लागली. ते जागे असताना ती गच्चीवर कधी गेली नव्हती. खाली पेला वाजायला लागला. ती थांबली नाही. ऐन दुपारच्या उन्हात, झाडांना कधी घालू नये त्या वेळी, ती इरकल खोचून डबा-डबा पाणी घालत सुटली. खालचा आवाज वाढला, मग थकला, मग बंद झाला. पाणी डब्यांच्या बुडातून वाहून गच्चीभर झालं होतं. ती टाकीच्या सावलीत बसली आणि रडली. मालुबाई अर्ध्या जिन्यापर्यंत आली होती, ती तशीच पाय न वाजवता माघारी गेली.

दुपार कलल्यावर त्रिशलाचा फोन आला. राजमती तेव्हा खाली, कॉटशेजारी, भाजी निवडत बसली होती. त्रिशलाने व्हिडिओ लावला होता.

"आई, मालुबाईनं सांगितलं सगळं. मी काय बोलत न्हाय. तू नुसतं बघ." पडद्यावर हॉल हलला. माणसं, टेबलं, आणि मग भिंतीवर वाकळ. तिच्यासमोर पाच-सहा बायका उभ्या होत्या. एक म्हातारी वाकून टाके बघत होती.

"कुठं हाय ते?" कॉटवरून आप्पाण्णांनी विचारलं. "मला दाखव."

राजमतीने मोबाईल त्यांच्यासमोर धरला. या वेळी त्यांनी मान वळवली नाही.

"एवढी लोकं?"

"सकाळपासनं हाईत, आप्पा," त्रिशला म्हणाली. "ह्या आज्जी विचारालत्यात, ही कुणी केली म्हणून."

आप्पाण्णांनी उशीवरून मान उचलली. घसा खाकरला. "सांग, निपाणीच्या आप्पाण्णांच्या घरातनं आलीय म्हणून. तंबाखूच्या वखारीतले आप्पाण्णा म्हण. कॅम्पातले व्यापारी वळखतील."

राजमतीने मोबाईल आपल्याकडे वळवला.

"त्रिशला, माझं नाव सांग," ती म्हणाली. "राजमतीनं केली म्हण."

पलीकडे त्रिशला हॉलकडे वळली. मग तिचा आवाज आला, हॉलमधल्या कुणाला तरी उद्देशून, मोठा: "माझ्या आईनं केलीय. राजमती तिचं नाव."

फोन बंद झाला. राजमतीने राहिलेली मेथी निवडली. देठं वेगळी केली.

"मी पडलो तर?" आप्पाण्णा म्हणाले. ते छताकडे बघत होते.

तिने हात थांबवले. त्यांची भीती तिला माहीत होती. तिच्यासाठी ती नवी नव्हती, रोज तिच्याच अंगावरून जात होती.

"पडलासा तर मालुबाई उचलंल. शेजारचा श्रेयांस हाय, त्याला हाक मारंल."

"तू नसल्यावर मला..." त्यांना पुढचा शब्द सापडला नाही. जीभ अडखळली की ते नेहमी तिच्याकडे बघायचे आणि ती शब्द पुरवायची. आज तिने पुरवला नाही.

"मी उद्या जाणार," ती म्हणाली. "मालुबाईच्या हातनं जेवा. न्हाय जेवलासा तर उपाशी राव्हा. मी मधनं उतरायची न्हाय."

रविवारी सकाळी पुन्हा आंघोळ, पुन्हा नाष्टा, पुन्हा वाट्यांत औषधं. इरकलीच्या काठाला कालचा चिखल लागला होता. तो तिने ओल्या फडक्याने पुसला आणि तीच नेसली. ती दाराशी गेली तेव्हा आप्पाण्णांनी पेला उचलला. तिने मागे वळून पाहिलं. त्यांनी तो वाजवला नाही, नुसता छातीवर धरला.

"दिवस मावळायच्या आत ये," ते म्हणाले. "जेवायचं असतंय."

"येते."

बेळगावात पोचायला मात्र उशीर झाला. वाटेत कुणाच्या तरी लग्नाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. कॅम्पातल्या जुन्या झाडांखालून रिक्षा हॉलपाशी थांबली तेव्हा बाहेर टेंपो उभा होता आणि माणसं घडीच्या खुर्च्या त्यात चढवत होती. दुपारनंतर हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेला होता. आत टेबलं रिकामी झाली होती. मोठे केलेले तिचे फोटो एकावर एक रचून सुतळीने बांधलेले होते, वर गोकर्णाचा. भिंतीवर दोन खिळे, त्यांच्यामध्ये मोकळा चुना. वाकळ घडी होऊन त्रिशलाच्या हातात होती.

"आई," त्रिशला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आत्ताच काढली गं. सगळ्यांनी थांबायचं म्हटलं, पण... काल आली असतीस तर..." ती थांबली. "ऱ्हाऊ दे. चल, घरी जाऊ, जेवू."

राजमतीने हॉलकडे पाहिलं. उंच खिडक्या, त्यांतून येणारा स्वच्छ उजेड. घराच्या चिंचोळ्या खोलीत वाकळ कधी पूर्ण उलगडलीच नव्हती. मांडीवर येईल तेवढीच तिने पाहिली होती, आज हा कोपरा, उद्या तो.

"परत लाव," ती म्हणाली.

"काय?"

"वाकळ परत लाव. मला बघायची हाय."

त्रिशलाने टेंपोवाल्यांना विनंती केली. एकजण कुरकुरला, दुसऱ्याने शिडी आणली. वाकळ दोन खिळ्यांमध्ये पुन्हा चढली आणि खालपर्यंत सुटली. राजमती मागे मागे सरकत हॉलच्या मध्यापर्यंत गेली. निळा तिथे होता, टाकी तिथे होती, अबोली जिथे असायला हवी तिथे होती. एका बाजूला टाक्यांची एक ओळ वाकडी गेलेली दिसली. त्या आठवड्यात आप्पाण्णांना ताप होता, ती एका हाताने पट्ट्या ठेवत होती. मांडीवर असताना ते वाकडेपण कधी जाणवलं नव्हतं. लांबून दिसत होतं. चांगलं दिसत होतं.

ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. शिडीवाला दाराला टेकून बिडी पेटवायच्या बेतात होता, तो ती तशीच कानावर खोचून थांबला.

"आई, पुढं उभी रा. फोटो काढते," त्रिशला म्हणाली.

राजमती वाकळीपुढे जाऊन उभी राहिली. हातांचं काय करायचं ते तिला कळेना. आधी तिने ते पदराशी नेले, मग मागे बांधले, मग तसेच दोन्ही बाजूंना सोडून दिले.

"जरा कडंला सरक की गं," त्रिशला मोबाईलमधून बघत म्हणाली. "मधी उभारलीस. वाकळ झाकाल्ये."

राजमती सरकली नाही.

"झाकू दे," ती म्हणाली. "मी दिसते न्हवं? तसाच काढ."